लिव्हियावर विषाचा ठपका नको

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याला त्याची बायको लिव्हिया हिने अंजिरातून विष घालून मारलं, असं कुणीतरी इथे लिहिलंय; ते मला मनापासून खटकलं. अंजिरांची ही गोष्ट इतिहासकार कॅसियस डिओची. तो लिहितोय घटनेनंतर जवळपास दोनशे वर्षांनी, आणि तोही 'काही जण म्हणतात' असंच लिहितो. इ.स. 14 मध्ये इटलीतल्या नोला गावी ऑगस्टस वारला तेव्हा पंच्याहत्तरी पार केलेला, आजारी माणूस होता. रोमन चरित्रकार स्वेटोनियसने तर त्याचे शेवटचे शब्दच दिलेत: लिव्हिया, आपला संसार विसरू नकोस. पन्नासहून अधिक वर्षांचा संसार होता तो!

तिचं खरं मोठेपण या विषकथांखाली गाडलं जातं, याचं वाईट वाटतं. इ.स.पू. 35 मध्ये तिला पुरुष पालकाशिवाय स्वतःची मालमत्ता सांभाळायचा हक्क मिळाला. त्या काळच्या रोमन बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट!

रोमजवळच्या प्रिमा पोर्ता इथल्या तिच्या वाड्यातली बागेची भित्तिचित्रं आता रोमच्या संग्रहालयात आहेत, ती जरूर बघा. जमिनीखालची बिनखिडक्यांची खोली, आणि चारही भिंतींवर फळांनी लगडलेली डाळिंबं, मधूनच पाखरं, कठड्यावर एक पिंजरा.

इ.स. 29 मध्ये ती वारली, तर सख्खा मुलगा, तेव्हाचा सम्राट टायबेरियस, अंत्ययात्रेलाही आला नाही. भाषण केलं पणतू कॅलिग्युलाने. तिला देवत्व मिळालं थेट इ.स. 42 मध्ये, सम्राट झालेल्या नातू क्लॉडियसने दिलं तेव्हा.