पोटात ठेवलेली बातमी: होऊ घातलेल्या बाबांचे अनुभव

गेल्या आठवड्यात एका जुन्या मित्राचा फोन आला. ऑफिसच्या पार्किंगमधून बोलत होता, आवाज दबलेला. बायकोला दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे. तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही आणि इकडे महिनाअखेरीचं काम अंगावर. "तुमच्या वेळी तू साहेबांना काय सांगितलं होतंस?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

सुरुवातीला मी काहीच सांगितलं नव्हतं. तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. त्यामागे कारण आहेच. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात, आणि चार लोकांना सांगितलेली गोड बातमी परत घेणं फार जड जातं. पण सगळ्यात जास्त आधार लागतो तो याच दिवसांत, आणि तोंड बंद ठेवायचं तेही याच दिवसांत. बाईला निदान आई, बहीण, डॉक्टर असतात. बाप होऊ घातलेला माणूस बातमी पोटात ठेवतो, डबा घेतो आणि कामावर जातो.

म्हणून हा धागा. बाळंतपणाचे अनुभव पुष्कळ लिहिले जातात, मला पहिल्या तीन महिन्यांचे हवे आहेत. नोकरी, धंदा, शेती, जे करत असाल ते. काय जमलं, काय राहून गेलं. नाव नको, गाव आणि काम पुरे. सुरुवात मी करतो.

पुणे, सॉफ्टवेअर

आमचा क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे संध्याकाळी साडेसात ते अकरा कॉल. तिच्या उलट्या नेमक्या संध्याकाळीच वाढायच्या. एकदा मी कॉल म्यूट करून बाथरूमकडे धावलो. एक हात तिच्या पाठीवर, कानात हेडफोन, आणि हेडफोनमध्ये कोणीतरी माझं नाव घेत होतं. तिने मान वर न करता हाताने खूण केली, जा. मी गेलो. ती खूण मला अजून दिसते.

दहाव्या आठवड्यात ती उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, लघवीला शेवटचं कधी झालं? तिला आठवेना आणि मला माहीतच नव्हतं. लघवीत कीटोन निघाले, म्हणजे पोटात अन्न नसल्याची खूण, दोन दिवस सलाइन लावावं लागलं. मळमळ थांबायच्या गोळ्या त्यांनी आधीच लिहून दिल्या होत्या. पहिल्या तीन महिन्यांत गोळ्या नकोत असं आम्हीच ठरवून त्या कपाटात ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी शंका असेल तर त्यांनाच विचारून घ्यावी, मनाने बंद करू नये. हे मला तेव्हा कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

दवाखान्यातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी टीम लीडला केबिनमध्ये गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, आठनंतरचे कॉल मी घेतो, बाकी कुणाला कळणार नाही. पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याने ते घेतले. पाच मिनिटांच्या बोलण्यासाठी मी पाच आठवडे घालवले होते.

तिला चाललेल्या गोष्टी लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील: उशाशी कोरडा टोस्ट, उठून बसायच्या आधी खायचा. साळीच्या लाह्या. गार दहीभात, पण वरून फोडणी नाही. फोडणीचा वास अडीच महिने घरात आला नाही. मला भाजी खावीशी वाटली तर मी कॅंटीनमध्ये खाऊन यायचो.

मराठवाडा, बँक

आमचं पहिलं राहिलं नाही. नववा आठवडा होता. सोनोग्राफीत डॉक्टर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग स्क्रीन आमच्याकडे न वळवता म्हणाल्या, ठोके दिसत नाहीत. तारीख 28 मार्च. बँकेत मार्चअखेर म्हणजे काय ते बँकवाल्यांना सांगायला नको. मी साहेबांना फोन करून रजा मागितली, कारण विचारल्यावर "घरी बरं नाही" म्हणालो. ते म्हणाले, 31 नंतर घ्या. मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो होतो. दिवस गेल्याचंच कुणाला माहीत नव्हतं, मग गेल्याचं कुणाला सांगणार?

साहेबांवर माझा राग नाही, त्यांना खरं कारण मी सांगितलंच नव्हतं. स्वतःला मात्र मी बरेच दिवस दोष देत होतो. आदल्या आठवड्यात ती स्कूटीवरून एकटी तपासणीला गेली होती, कारण मला निघता आलं नाही. डॉक्टरांना मी हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे सांगितलं की इतक्या लवकर होणाऱ्या गर्भपातात बहुतेकदा गुणसूत्रांचा दोष असतो. स्कूटीने, कामाने किंवा चिंता केल्याने हे झालेलं नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. तेव्हाच्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपात झाल्यास बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा होती; 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. डॉक्टरांचं पत्र जोडावं लागतं. बायकोच्या कंपनीत एचआरला हे माहीत नव्हतं. मी कलम 9 छापून दिलं, रजा मिळाली. नवऱ्यासाठी तसं काही नाही.

दुसऱ्या वेळी पाचव्या आठवड्यातच मी शाखेतल्या दोघांना विश्वासात घेतलं. बरं झालं तर आनंद, नाही तर खांदा द्यायला दोन माणसं असतील, असा विचार केला. मुलगी आता चार वर्षांची आहे.

दिल्ली, केंद्र सरकारी नोकरी

थोडक्यात लिहितो. आम्हाला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, पण ती प्रसूतीच्या आधीचे 15 दिवस ते नंतरचे सहा महिने यातच घेता येते. सुरुवातीच्या तपासण्यांना तिचा उपयोग नाही. मी किरकोळ रजा अर्ध्या-अर्ध्या दिवसाने जपून वापरली. सोनोग्राफीची वेळ सकाळी पहिली मागून घ्या, अर्ध्या दिवसात भागतं.

बर्मिंगहॅम, इंग्लंड

इथे सगळं सुरळीत असेल तर पहिली सोनोग्राफी साधारण बाराव्या आठवड्यात होते. पुण्यात वहिनीच्या बाळाचे ठोके सातव्या आठवड्यात ऐकून झाले होते, आई रोज फोनवर विचारायची, ऐकले का? आणि आमच्याकडे फक्त किटवरच्या दोन रेघा. ते आठवडे मी गोदामातल्या रात्रपाळीत काढले. सकाळी सातला घरी यायचो तेव्हा ती कामावर निघालेली असायची. दारात भेट. कसं आहे? ठीक. संपलं.

मला एका सहकाऱ्याने सांगितलं की इथे 2014 पासून बाळाच्या बापाला दोन तपासण्यांसाठी कामावरून सुटी मागायचा हक्क आहे, प्रत्येक वेळी साडेसहा तासांपर्यंत. पगार मिळत नाही, पण मालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. मी दोन्ही घेतल्या. पैशाचं म्हणाल तर ते शंभरेक पौंड मला कुठे गेले कळलंही नाही, आणि स्कॅनच्या खोलीत तिचा हात हातात होता.

दिंडोरी, द्राक्षबाग

आम्हाला साहेब नाही, म्हणून ताण नाही असं समजू नका. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता, बाग फुलोऱ्यात यायच्या बेतात, आणि पावसाने ठाण मांडलं. डाउनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आला की अख्खं वर्ष गेलं. दिवसाआड फवारणी, कधी कधी रोज. त्यात घरच्यांचं कळलं, दोन महिने झालेत.

गावच्या आशाताई (आरोग्य स्वयंसेविका) नाव नोंदवायला आल्या. ओट्यावर माझे फवारणीचे कपडे पडलेले होते. त्यांनी विचारलं, हे धुतं कोण? ती धुवायची, रोज, घरच्या कपड्यांबरोबर. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी बागेतच विहिरीवर अंघोळ करून, कपडे तिथल्याच बादलीत मीच धुवून, दुसरे घालून घरी यायला लागलो. नोव्हेंबरच्या थंडीत रात्री आठला गार पाणी अंगावर घेताना हुडहुडी भरायची. औषधाचे डबे पडवीत असायचे, तेही शेडमध्ये हलवून कुलूप लावलं. कर्ज, पाऊस, औषधांची उधारी, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. कपडे धुणं हातात होतं. शेतकरी भावांनी हे पहिल्या दिवसापासून करा, कळायची वाट बघू नका.

डोंबिवली, गृहिणी

मी बाबा नाही, पण लिहिते. माझा नवरा तेव्हा साडेनऊला घरी यायचा, लोकलमध्ये चेंगरून, आणि गप्प बसून राहायचा. मला उलट्यांनी अन्न नको झालेलं, आणि हा साधं "काय खाल्लंस" एवढं विचारून टीव्ही लावायचा. याला आनंदच झालेला नाही, असं मी मनात धरून बसले होते. माहेरी रडून सांगितलंही.

मुलगा झाल्यावर, तो सहा महिन्यांचा असताना, मी रद्दी काढत होते. त्यात नवऱ्याची ऑफिसची जुनी डायरी सापडली. मीटिंगच्या वेळा, पार्टीची नावं, आणि प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलने एक ओळ. "अर्धी भाकरी, राहिली." "लिंबू सरबत, उलटी." "काही नाही." "काही नाही. डॉ. ना फोन." "काही नाही, रडली." मी रात्री सांगायचे ते सगळं उतरवलेलं. डॉक्टरांकडे जाताना हा बाहेर थांबून आधी एकटाच काय बोलायचा, ते मला तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाला, तुला आणखी काळजी नको म्हणून बोललो नाही. मी म्हटलं, बोलला असतास तर निम्मी काळजी तिथेच गेली असती.

डायरी मी रद्दीत दिली नाही. तेराव्या आठवड्याच्या पानावर लिहिलंय, "पोहे. परत मागितले." त्याखाली कुठल्यातरी कुरिअरवाल्याचा नंबर आहे.