परदेशातली थंडी, लाँग वीकेंड आणि आपली माणसं : तुमचे अनुभव लिहा

ओली वाट
मामेबहिणीच्या लेकीने काल फॅमिली ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. मिसिसागाचं त्यांचं बेसमेंट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या घातलेल्या आणि त्यावर आम्ही सगळे आडवेतिडवे, पोरं कोणाची कोण कळत नाही. दिवसभर कामात लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसले.

आम्ही तेव्हा क्लीव्हलंडला होतो. मामेबहीण मिसिसागाला, मावसभाऊ कॅलगरीला. लहानपणी मे महिन्यात आजोळी एका ताटात जेवणारे आम्ही, नंतर बर्थडेला केकचे इमोजी पाठवण्यापुरते उरलो होतो. भारतात भेट व्हावी तर तेही नाही, कारण आम्ही पोरांच्या शाळेमुळे जून-जुलैत जाणार, भाऊ डिसेंबरात, बहीण कोणाचं लग्नकार्य असेल तेव्हा. एकाच घरात राहून यायचो सगळे पण एकमेकांना चुकवून.

शेवटी बहिणीनेच कॅलेंडर काढलं. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार, अमेरिकेत प्रेसिडेंट्स डे आणि ऑन्टारिओत, अल्बर्टातही फॅमिली डे. (ऑन्टारिओत ही सुट्टी २००८ पासून आहे, आम्हाला पत्ताच नव्हता.) तिन्ही घरांना एकाच दिवशी सुट्टी, आता कारणं सांगायची नाहीत, असा तिचा हुकूम.

क्लीव्हलंडहून आय-९० हायवेने ईरी, बफेलो आणि मग कॅनडाच्या बॉर्डरवरचा पीस ब्रिज असा रस्ता. ईरी लेक सगळ्या ग्रेट लेक्समध्ये उथळ, त्यामुळे तो लवकर गोठतो आणि एकदा गोठला की लेक इफेक्ट स्नो (तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने काठावर पडणारा बर्फ) कमी होतो. त्या वर्षी तो गोठलाच नव्हता. डंकर्कच्या पुढे समोरच्या ट्रकचे लाल दिवे सोडून काही दिसत नव्हतं, नवरा स्टिअरिंगला नाक लावून बसलेला, मी पोरांना गाणी म्हणायला लावतेय आणि मनात रामरक्षा. पीस ब्रिजवर ऑफिसरने विचारलं कोणाकडे चाललात, म्हटलं बहिणीकडे, खूप वर्षांनी. पासपोर्ट परत देताना तो हॅपी फॅमिली डे म्हणाला आणि मला एकदम भरूनच आलं.

पहिला तासभर सगळे पाहुण्यासारखे. प्रवास कसा झाला, तुमच्याकडे किती मायनस, हीटिंगचं बिल किती येतं. पोरं आपापल्या आईला चिकटलेली. मग कोणीतरी पत्ते काढले आणि मेंढीकोट मांडला. आमच्या आजोबांची सवय होती, दश्शी हाती लागली की ती मेंढी उजव्या गुडघ्याखाली दाबून ठेवायची, कोणी पळवू नये म्हणून. कॅलगरीच्या भाचीने आजोबांना पाहिलेलंही नाही, पण तिने दश्शी उचलली आणि सरळ गुडघ्याखाली! समोर माझा मुलगा तेच करत होता. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मामी तेव्हा बहिणीकडे आली होती, ती सोफ्यावरून म्हणाली, "अरे ह्यांना कोणी शिकवलं हे?" मुद्दाम कोणीच नाही, आपापल्या घरी आम्ही तसं खेळतो म्हणून तीही खेळतात. त्यानंतर पोरं जी एक झाली ती आजतागायत, आता आमच्याशिवाय परस्पर प्लॅन करतात.

तुमचे असे वीकेंड असतील तर लिहा ना, दोन ओळी असल्या तरी चालतील.

भटकभवानी
मस्त लिहिलंयस गं. आमच्याकडे मेंढी मांडीखाली 😄 आणि चारही मेंढ्या गेल्या की हरणाऱ्यांनी सगळ्यांसाठी चहा करायचा. बाकी रात्री लिहिते, पोराला स्विमिंगला सोडायचंय

निळी छत्री
पीस ब्रिज वाचलं आणि थांबले. आमची भेट झाली पण म्हणावी तशी झाली नाही. मी बफेलोला, चुलतभाऊ सेंट कॅथरिन्सला, एरवी पाऊण तासाचं अंतर. काकू त्याच्याकडे आली आणि मार्च २०२० मध्ये बॉर्डर बंद झाली ती झालीच. ह्या काकूने मला लहानपणी सांभाळलंय, माझी आई नोकरी करायची. डिसेंबर आला तरी भेट नाही, मग भावाने सुचवलं की आपण नायगाराला जाऊ, तू तुझ्या काठावर ये, आम्ही आमच्या काठावर येतो.

शनिवारी दुपारी गेलो. धबधब्याचे तुषार कठड्यावर गोठून काचेसारखा थर झालेला, हात लावला की मोजा चिकटतो. मधे नदी आणि पलीकडे माणसं म्हणजे नुसते ठिपके. फोन कानाला. काकूने लाल शाल आणली होती ती दोन्ही हातांनी वर धरून हलवत होती, मी माझी पिवळी छत्री उघडून नाचवतेय. आणि फोनवर काकू काय म्हणाली असेल? "वाळलीस गं!" एवढ्या लांबून तिला मी मुंगीएवढी दिसत असणार, पण वाळलीस. मग दोघी पाण्याच्या आवाजात काय काय बोललो, अर्धं ऐकूच आलं नाही. निघवत नव्हतं, शेवटी माझ्या फोनची बॅटरी थंडीने बंद पडली.

ऑगस्ट २०२१ ला कॅनडाने लस घेतलेल्या ग्रीनकार्डवाल्यांना आत घ्यायला सुरुवात केली, त्याच आठवड्यात गेले आणि तिच्या कुशीत शिरले. पण ती लाल शाल अजून डोळ्यासमोर आहे.

पन्हं
ऑफिसात डोळे पुसतेय. काकू कशा आहेत आता?

निळी छत्री
ठणठणीत! रोज सकाळी फोन असतो, जेवलीस का ने सुरू.

सातपुडा
धाग्याचा विषय नाही पण ओली वाट, तुम्ही विंटर टायर लावले होते का? आम्ही या वर्षी पहिल्यांदाच मिशिगनहून माँट्रियलला साडूंकडे जाणार आहोत, ऑल सीझनवर जमेल का

ओली वाट
होते हो, म्हणूनच निभावलं. सात डिग्री सेल्सिअसच्या खाली ऑल सीझनचं रबर कडक होऊन पकड कमी होते. डोंगर आणि त्यात बर्फाचा कण असं चिन्ह बघून घ्या.

खारीक
क्विबेकमधल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. बाहेरून येणाऱ्याला कायदा काही म्हणो, पोरंबाळं घेऊन जाताय तर लावूनच जा. आणि गाडीत ब्लँकेट, फावडं, खायचं ठेवा.
आणि अमेरिकेतून येणाऱ्यांनो, ग्रीनकार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. एच वन (अमेरिकेचा वर्क व्हिसा) वाल्यांना मात्र कॅनडाचा व्हिसा लागतो, आधी करून ठेवा. आमच्या पुतण्याचा वेळेत आला नाही, त्याची बायको-मुलं आली आणि तो बिचारा एकटा घरी. व्हिडिओ कॉलवर जेवायला बसवला त्याला.

तिसरी घंटा
आम्ही जर्मनीत. मी म्युनिक, मावसबहीण श्टुटगार्ट, तिचा भाऊ फ्रँकफर्ट. ६ जानेवारीची सुट्टी बायर्नला, म्हणजे आमच्या म्युनिकच्या राज्यात आहे, श्टुटगार्टला आहे, पण फ्रँकफर्ट हेसेनमध्ये म्हणून त्याला नाही! दरवर्षी तो रजा टाकून येतो आणि दरवर्षी त्यावरून कुरकुरतो. रविवारी दुकानं बंद त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सगळे मिळून भाजी आणायला पळतात, मला तर तेच सगळ्यात आवडतं, प्रत्येकाच्या हातात पिशव्या, एकाने कोथिंबीर घेतली की दुसराही घेतो आणि घरी चार जुड्या. रात्री दहानंतर खालच्या आजींची झोपमोड नको म्हणून तोंडात उशी दाबून हसायचं. लहानपणी आजोबा झोपले की असंच हसायचो आम्ही.

हिमगौरी
चार जुड्या कोथिंबीर 😂😂 वड्या करा

उंबरठा
लिहू का नको करत होतो. मागच्या हिवाळ्यात माझे थोरले काका गेले. मी एडिंबराला, चुलतभाऊ लीड्सला, त्याचेच वडील. दोघांनाही वेळेत पोचता आलं नाही, अंत्यविधी फोनवर पाहिले, तो त्याच्या घरी मी माझ्या. भावाभावांत जमिनीवरून आमच्या वडिलांच्या पिढीत बोलणं बंद होतं, त्यामुळे आमचंही नुसतं नावापुरतं. पण त्या शुक्रवारी ऑफिसातून तसाच ट्रेनमध्ये बसलो. दार उघडलं त्याने, दोघांपैकी कोणालाच काही बोलता येईना. त्याने आत जाऊन माझ्यासाठी पिठलं टाकलं. दोन दिवस आम्ही काकांच्याच गोष्टी काढत होतो, काका आम्हा दोघांना सायकलवर पुढे-मागे बसवून विहिरीवर पोहायला न्यायचे, त्याला पुढची सीट आठवते मला मागची. जमिनीचा विषय कोणीच काढला नाही. रविवारी निघताना त्याने काकांचा मफलर माझ्या गळ्यात घातला, बाहेर फार थंडी आहे म्हणाला. आता दर महिन्याला भेटतो. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले बरं केलंस.

पन्हं
उंबरठा, बरं केलंत लिहिलंत. काकांना नमस्कार.

निळी छत्री
🙏 भावाला सांभाळा आणि तुम्हीही सांभाळून राहा.

मधली सून
सगळे माहेरचं सांगताय, मी सासरचं सांगते. मिनियापोलिसला नवीन होतो, जानेवारीत शुक्रवारी रात्री घराचा फर्नेस बंद पडला, बाहेर उणे पंचवीस, माणूस सोमवारी येणार म्हणे. सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या थांब, आपल्या आत्तेसासूबाईंच्या दिरांचा मुलगा तिथेच कुठेतरी असतो. मी म्हटलं अहो आई एवढ्या लांबच्या नात्यात रात्री कसं जायचं. अर्ध्या तासात तोच गाडी घेऊन दारात! आधी त्याने घरातले सगळे नळ बारीक धारेने सोडले, पाणी वाहतं राहिलं की पाइप गोठून फुटत नाहीत, मला हे माहीतच नव्हतं. सिंकखालच्या कपाटांची दारंही उघडी ठेवली. मग आम्हाला घेऊन गेला. त्याच्या बायकोने गरम वरणभात वाढला, वर लिंबाची फोड, आणि तिने मला एकदाही पाहुणी म्हणून वागवलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लसूण सोलायला बसवलं. तिथेच मी घरची झाले. आज माझ्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट तीच आहे.

वाळवंटी
थंडी म्हणजे आमच्याकडे दुबईत बाहेर बसायचे दिवस, तुमचं मायनस वाचूनच हुडहुडी भरली. जानेवारी २०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी झाली आणि आमचं घर बदललं हो. आधी शुक्रवार-शनिवार असायची, त्यामुळे भारतात सगळे रविवारी एकत्र जमले की मी कामावर. आता रविवारी सकाळी आत्याकडे सगळे जमतात तेव्हा आम्हीही फोनवर हजर. शारजाचा आत्तेभाऊ नशीबवान, त्यांना शुक्रवारही सुट्टी, तो सामान घेऊन आधीच येऊन बसतो.

भटकभवानी
आले परत. एक बोलू का, कोणाला राग नको. हे सगळं छान आहे पण ज्या घरी जमतात तिथली बाई तीन दिवस ओट्यापाशी असते. माझी चुलतबहीण न्यू जर्सीला, तिचं घर मोठं म्हणून दरवेळी तिच्याकडे. एकदा रात्री बघितलं तर सगळे खाली हसतायत आणि ही एकटी भांडी लावतेय. तेव्हापासून जेवणं वाटून घेतली, एका कुटुंबाकडे एक जेवण, करणं वाढणं आवरणं सगळं, आणि पुरुषांनीसुद्धा. आमच्या धाकट्या भावोजींच्या हातची मिसळ आता सगळे मागून खातात. बहिणीला सक्तीने पत्त्यांना बसवतो.

तिसरी घंटा
शंभर टक्के बरोबर.

ओली वाट
फार महत्त्वाचं लिहिलंस. माझी मामेबहीण पण अशीच, पुढच्या वेळी वाटणी मीच करते.

हिमगौरी
मेलबर्नहून हजेरी. आमचा हिवाळा जूनमध्ये 🙂 दुसऱ्या सोमवारची राजाच्या वाढदिवसाची सुट्टी धरून नणंद सिडनीहून आली होती, माउंट बुलरला बर्फ दाखवायला नेलं तर बर्फच नाही, नुसता चिखल. पोरं चिखलात घसरगुंडी करून खूष. तिच्या मुलाला माझ्या सासऱ्यांसारखंच शिंकायची सवय आहे, सलग सात-आठ, सगळं घर मोजतं.

पन्हं
जानेवारीचं कोणी लिहिलं नाही अजून. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग डे तिसऱ्या सोमवारी, म्हणजे १५ ते २१ मध्ये कधीतरी, संक्रांत नुकतीच झालेली असते. आमच्या सगळ्या मावस-चुलत जावा त्या वीकेंडला अटलांटाला जमतात, एकत्र हळदीकुंकू. नवीन बाळ असेल तर बोरन्हाण पण तेव्हाच. बोरं मिळत नाहीत तर चुरमुरे, गोळ्या आणि ब्लूबेरी.

खारीक
ब्लूबेरीचे डाग जातात का कार्पेटचे?

पन्हं
नाही जात 😀 जुनी चादर घाला खाली.

सातपुडा
टायरची ऑर्डर दिली. साडूंना अजून सांगितलं नाही, बायको म्हणते आजच फोन करा नाहीतर ते दुसरीकडे जायचं ठरवतील. जाताना तिळाचे लाडू नेले तर चालतात ना बॉर्डरवर?

निळी छत्री
आम्ही दरवेळी नेतो, विचारलं की सांगतो काय आहे ते. डबा वरच्या बॅगेत ठेवा, उघडून दाखवायला बरं पडतं. आणि फोन आत्ताच करा हो!