कार्बोरेटरची गाडी ५,००० मीटरच्या खिंडीत: जेट बदलायचा का?

घाटचढ्या:
मंडळी, गाडी ३५० सीसी, एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, साधा स्लाइडवाला कार्बोरेटर. दोघं जण, मागे बॅगा. वाटेत ५,००० मीटरच्या वरच्या दोन खिंडी, मुक्काम साडेतीन हजाराच्या खाली. मेन जेट (कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणारं छोटं भोक) लहान घालावा की निडलवर (त्या पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई) भागेल? एअर फिल्टर काढला की गाडी मोकळी होते असं बरेच जण सांगतात, त्यात तथ्य आहे का? पुढे डिस्क, मागे ड्रम आहे, तेव्हा उतारावरच्या ब्रेकबद्दलही सांगा.

काळा_प्लग:
फिल्टरला हात लावू नका. लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीच्या उंचीवर (५,३५९ मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. फिल्टर काढून तो वाढत नाही, उलट रस्त्यावरची बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा खाते.

खरी अडचण अशी की हवा विरळ झाली तरी जेटच्या भोकातून येणारं पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. गाडी पिकअप घेताना गुदमरते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लगवर कोरडी, मऊ काजळी बसते. बोटाने पुसली जाते ती रिचची काजळी. ओली, तेलकट असेल तर दुखणं वेगळं आहे.

आधी मिक्स्चर स्क्रू. तो आत पूर्ण हलकेच बसवून किती फेरे झाले ते मोजा, कागदावर लिहा, परत तितकाच बाहेर काढा. मग पाव-पाव फेरा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढायचा. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घ्यायचा. इथे निम्मे लोक उलटं फिरवतात आणि जेटला दोष देतात.

त्यानंतर निडलची क्लिप एक खाच वर, म्हणजे निडल खाली बसते. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये फरक जाणवेल. चढावर गाडी बहुतेक वेळ तिथेच असते, त्यामुळे दोन खिंडींसाठी एवढं पुरे.

स्प्रॉकेटवाला:
क्लिपबद्दल सहमत. पण दोघं आणि सामान असेल तर चढावर थ्रॉटल पूर्ण उघडावाच लागतो, आणि तिथे मेन जेटचंच राज्य. एक नंबर लहान जेट सोबत ठेवा, वरच्या मुक्कामी बदला आणि खाली उतरल्यावर न विसरता जुना घाला. लहान जेटवर सखल भागात जोरात पळवली तर मिक्स्चर लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरमध्ये धरू शकतो, म्हणजे जाम होतो.

तरी जेटने गेलेली ताकद येत नाही. ५,००० मीटरवर साधारण ४० टक्के गेलेलीच असते. त्यावर स्वस्त उपाय पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) एक दात लहान. १८ चं १७ केलं की गिअरिंग सुमारे ६ टक्के खाली येतं, हेअरपिनवर हाफ क्लच कमी मारावा लागतो, क्लचप्लेट वाचतात. चेनचा ताण पुन्हा लावा.

घाटचढ्या:
मग ब्रेक? आणि टायरमध्ये हवा किती?

काळा_प्लग:
निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला. म्हणायचं ऑइल, घालायचं डॉट ४ फ्लुइड (झाकणावर डॉट ३ किंवा ४ काय लिहिलंय ते बघून). ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर मात्र १५५ अंशच मानायचा. पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ होऊन मुठीला टेकत असेल तर फ्लुइड उकळलंय. लिव्हर टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्हीत थांबा, आपोआप निवू द्या. डिस्कवर पाणी ओतलंत तर ती वाकडी होईल.

मागचा ड्रम तापला की फुगतो, लायनिंगपासून दूर जातो, पेडल खोल जातं. म्हणून पाय पेडलवर टेकवून उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका. ब्रेक वळणाआधी ठामपणे दाबायचा आणि सोडायचा.

स्प्रॉकेटवाला:
हवेचं गणित: गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतं. खाली ३० अंशांत २९ पीएसआय भरलं, तर ५,००० मीटरवर तापमान तेच राहिल्यास ३६ च्या आसपास दिसेल. पण वर ५ अंश असतील तर थंडीने ते ३२ वर येतं. त्यामुळे वर हवा सोडायची घाई नको. तिथे २९ करून खाली आलात की २५ उरतं, आणि दोघांच्या वजनाखाली मागचा टायर वळणात डगमगायला लागतो. मागच्याचा आकडा दोघांच्या वजनासाठी मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो, तोच घ्या. गेज आणि हातपंप सोबत ठेवा.