लहान मुलांमधील फ्लू : एवढा सर्रास असतो का?

प्रश्न (एक आई, परभणी) :
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. अंगणवाडीत जाऊ लागल्यापासून तिला श्रावणात एकदा आणि महालक्ष्म्यांच्या सुमारास पुन्हा ताप आला. दुसऱ्या खेपेस तीन दिवस ताप १०३ च्या खाली उतरत नव्हता, आणि पोटऱ्या दुखतात म्हणून ती पाऊलही टाकेना. डॉक्टरांनी फ्लू असल्याचे सांगितले. घरातील थोरांच्या मते मात्र हवा बदलली की लेकरांना असे व्हायचेच. फ्लू या वयात खरोखरच एवढा सर्रास असतो का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, लातूर) :
होय ताई. २०१८ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालील मुलांना सुमारे १०.९५ कोटी वेळा फ्लू झाल्याचा अंदाज आहे. मोठ्यांच्या शरीराला या विषाणूची ओळख आधीच झालेली असते, लेकरांना तो बहुधा पहिल्यांदाच गाठतो, आणि एकदा लागण झाली की ती मोठ्यांपेक्षा अधिक दिवस तो पसरवत राहतात. थोरांचे निरीक्षण खरे आहे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबरमध्ये, रुग्ण वाढतात आणि जानेवारी ते मार्च या काळातही त्यांची लहानशी लाट येते. पण म्हणून 'व्हायचेच' असे मानून आजार अंगावर काढू नये. वयाच्या सहा महिन्यांनंतर लस देता येते. लस पहिल्यांदा देताना त्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक, शक्यतो पावसाळा लागण्याआधी. ती सरकारी लसीकरणात नसल्याने विकत घ्यावी लागते, याची मला खंत वाटते. तापासाठी ॲस्पिरिन मात्र मुलांना कधीही देऊ नये.

उत्तर (अंगणवाडी सेविका, जिंतूर तालुका) :
ताप किती आहे याबरोबरच श्वासाकडेही लक्ष द्यावे, असे मी प्रत्येक आईला सांगते. लेकरू शांत किंवा झोपलेले असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास ४० किंवा त्याहून अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्ती :
फ्लू नुकताच होऊन गेला असला, तरी लस घ्यावी का?

बालरोगतज्ज्ञ :
घ्यावी. फ्लूचे प्रकार अनेक आहेत, त्यामुळे एक होऊन गेल्याने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. ताप उतरून ती नीट खेळू लागली की घेऊन या.