ओळख नसली तरी लिहाच

घरातलं कुणी सैन्यात नाही, मग अनोळखी जवानाला पत्र लिहिणं आगाऊपणाचं वाटेल का, असं कुणीतरी विचारलंय. अजिबात नाही! माझा भाऊ बरीच वर्षं सैन्यात होता. सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात आईच्या पत्रांसोबत कुठल्याशा शाळकरी मुलीचं, वहीचं पान फाडून लिहिलेलं पत्र होतं. मांजरीला तीन पिल्लं झाली, एवढाच मजकूर. घडीवर कागद पार विरला होता, इतक्यांदा वाचलेलं. शौर्याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्याने ते जपलं.

टपालाचं मोल सैन्याला पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने पत्रांचे फोटो काढून फिल्म पाठवायला सुरुवात केली. व्ही-मेल म्हणत त्याला. ३७ पोत्यांतली पत्रं एका पोत्यात मावायची. युद्धसामग्रीसाठी जागा वाचवली, पण पत्रं थांबवली नाहीत.

फक्त कुठे आहात, कधी परतणार, हे विचारू नका. त्यांना सांगता येत नाही. घरातलं, रोजचं लिहा. उत्तर आलं नाही तरी पुढचं पत्र टाकाच.