थुंकणाऱ्या नागाचे विष डोळ्यांत गेल्यास पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

प्रश्न
माझा धाकटा भाऊ केनियाच्या किनारपट्टीवर, मालिंदीजवळच्या एका शेतमळ्यावर सहकुटुंब राहतो. मागच्या आठवड्यात तेथील रखवालदाराने कोंबड्यांच्या खुराड्याची फळी उचलली, तेव्हा आत दडलेल्या नागाने चार हातांवरून त्याच्या तोंडावर विषाची पिचकारी मारली. त्याने ओंजळभर पाण्याने डोळे धुतले आणि नंतर तो ते चोळत राहिला. भावाची मुले लहान आहेत, म्हणून विचारते की अशा वेळी नेमके काय करावे, दूध चालते का, आणि सर्पदंशावरचे इंजेक्शन घ्यावे लागते का?

उत्तर १ (नेत्रचिकित्सक)
ताई, भरपूर स्वच्छ पाणी आणि तेही ताबडतोब, हाच यावरचा पहिला उपचार आहे. किमान 15 ते 20 मिनिटे धार सोडावी, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास ती काढावी आणि डोळे मुळीच चोळू नयेत. पाणी अजिबात नसेल तर दूध चालते, मात्र पाणी हाताशी असताना दुधाच्या शोधात एक क्षणही घालवू नये. पाल्याचा रस किंवा घरातले जुने थेंब डोळ्यांत घालू नयेत, विशेषतः स्टिरॉइडचे थेंब तर नकोतच.

त्यानंतर, वेदना कमी झाल्या तरीही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडला आहे का, हे ते रंगद्रव्याचा थेंब घालून पाहतात आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविकाचे थेंब देतात. दुर्लक्ष झाल्यास तेथे व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. विष केवळ डोळ्यांत गेले असेल तर प्रतिविषाची गरज नसते, ना इंजेक्शनाने ना थेंबांनी. मात्र याच नागाने दंश केला तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

उत्तर २
मी टांझानियात नोकरीला असताना माझ्या उजव्या डोळ्यात हे विष गेले होते, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. पापण्या इतक्या घट्ट मिटतात की स्वतःचे डोळे स्वतःला धुता येत नाहीत. माझ्या सहकाऱ्याने मला कुशीवर निजवले, अंगठा आणि तर्जनी यांनी पापण्या फाकवून धरल्या आणि जेरीकॅनमधले पाणी नाकाकडून कानाकडे बारीक धारेने सोडत राहिला. मी ओरडत होतो, तरी त्याने हात सैल केला नाही. मुलांच्या बाबतीत हे काम मोठ्यांनाच करावे लागेल, तेव्हा घरातल्या सर्वांनी त्याचा एकदा सराव करावा.

उत्तर ३
मालिंदीच्या भागात ॲशचा थुंकणारा नाग आढळतो. 2007 मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदला गेलेला हा नाग थुंकणाऱ्या नागांमध्ये सर्वांत मोठा आहे. अशा नागांच्या विषदंताचे छिद्र पुढच्या बाजूला असते आणि मान किंचित हलवत ते फवारा चेहऱ्यावर पसरवतात, त्यामुळे दोन मीटरवरूनही डोळा सुटत नाही. धडधाकट त्वचेवर पडलेले विष धुतले की पुरते. अडगळ हलवताना डोळे पूर्ण झाकणारा चष्मा घालावा आणि वाकून आत डोकावू नये. आपल्याकडचा दहाचा आकडा असलेला नाग फुत्कारतो, पण असे विष फवारत नाही.

प्रश्नकर्तीकडून
सर्वांचे मनापासून आभार. भावाने आजच खुराड्याशेजारी वीस लिटरचा भरलेला जेरीकॅन ठेवला आहे, आणि रखवालदाराला तो उद्या सकाळी मालिंदीला डोळे तपासायला नेणार आहे.