उकंडा, सुपडा, कवडू : जुन्या नावांचा अर्थ

प्रश्न (दर्यापूर): जुन्या सातबाऱ्यांवर उकंडा, सुपडा, कवडू अशी नावं दिसतात. ही टोपणनावं की ठेवलेली? अर्थ काय?

उत्तर (अकोट): ठेवलेलीच. वऱ्हाडीत उकंडा म्हणजे उकिरडा. लागोपाठ लेकरं दगावली की नवं लेकरू उकंड्यावर ठेवायचे, टाकून दिलं असं म्हणायचे आणि लगेच उचलून घरात आणायचे. टाकलेल्या लेकराला नजर लागत नाही, अशी समजूत. उकंड्याऐवजी सुपात ठेवलं की सुपडा, मुलगी असली की सुपडाबाई. कवडूत विक्री आहे : दुसऱ्या बाईनं कवडी देऊन लेकरू ‘विकत’ घ्यायचं, मग ते परक्याचं म्हणून आईनं वाढवायचं. नाव ऐकायला ओंगळ वाटलं तरी त्यात हेटाळणी नाही. लेकरू जगावं म्हणून मायबापानं केलेला तो उपाय आहे.

उत्तर (ब्रह्मपुरी): नत्थू यातलाच, मुलाचं नाक टोचून, नथ घालून त्याला मुलगी भासवायचे. पण सगळी जुनी नावं या मापानं मोजू नका. फकिरा बहुधा पिराच्या नवसाचा, श्रावण आणि चैतराम जन्ममहिन्याचे. शिवाय आज्याचं नाव नातवाला ठेवतात. कवडू दिसला म्हणजे आधीची भावंडं गेलीच असं नाही. दोन पिढ्या मागं तेच नाव आहे का, ते आधी पाहा.

प्रश्न (दर्यापूर): सातबाऱ्यावर उकंडा, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात उत्तम. माणूस एकच. वारसाच्या फेरफाराला काय लिहायचं?

उत्तर (अकोट): ‘उत्तम ऊर्फ उकंडा’, बापाच्या नावासह. फक्त उत्तम लिहिलं तर जुन्या सातबाऱ्याशी दुवा तुटतो आणि फेरफार अडतो. दाखल-खारीजचा उतारा, जुना सातबारा आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) नाव सापडलं नाही तर घाबरू नका : जन्माची नोंद बारशाआधी व्हायची, म्हणून पुष्कळदा नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असतं. तिथं बापाचं नाव, गाव आणि तारीख जुळवायची. उकंडा, उकर्डा, उखंडा हा फरक लिहिणाऱ्याच्या कानाचा. अर्जात प्रत्येक कागदावरचं रूप जसंच्या तसं द्या.

उत्तर (ब्रह्मपुरी): नकुशा (नकोशी) मात्र या यादीत घालू नये, ही घाई बरेच जण करतात. उकंडा नाव लेकरू टिकावं म्हणून, नकुशा पुढं मुलगी होऊ नये म्हणून. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा 285 मुलींची नावं समारंभानं बदलली, ती यासाठीच.